वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तूतील समूहप्रदर्शन

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही त्याबरोबर बदलतो. या वेळची बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती : आपल्या भागातील चित्रकार-शिल्पकारांनी एकत्र येऊन एखाद्या ऐतिहासिक वास्तूत प्रदर्शन भरवावे, ते कसे भरवावे आणि त्यातून काय साधते. त्यामुळे या अंकात एवढा एकच विषय घेतला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न (गडहिंग्लज परिसरातील एक चित्रकार) : कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागांतील आम्ही आठ चित्रकार आणि तीन शिल्पकार मिळून प्रदर्शन भरवत आहोत. संस्थानकाळातील एका दगडी इमारतीचे ४० बाय २५ फुटांचे सभागृह आठ दिवसांसाठी मिळाले आहे. भिंतीला खिळा मारायचा नाही, अशी अट आहे. प्रत्येकाने पाच कलाकृती आणायच्या असे ठरले आहे. मांडणी कशी करावी?

उत्तर : अट रास्त आहे आणि ती कुरकुर न करता पाळावी. आपल्याकडच्या जुन्या बांधकामात काळ्या दगडाचे घडीव चिरे चुन्यात बसवलेले असतात. चिऱ्यावर ड्रिल चालवले तर दगडाचा कपचा उडतो, आणि चुन्याने भरलेल्या दरजेत खिळा ठोकला तर चुना भुसभुशीत होऊन सांधा मोकळा पडतो. पुढच्या पावसाळ्यात पाणी नेमके तिथूनच आत उतरते. वास्तू राज्य संरक्षित असेल, तर हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहत नाही, कारण १९६० च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या राज्य अधिनियमानुसार संरक्षित स्मारकाची हानी करणे हा गुन्हा आहे.

मात्र आपली खरी अडचण खिळ्याची नसून बेरजेची आहे, असे मला वाटते. ४० बाय २५ फुटांच्या सभागृहाच्या चारही भिंती मिळून १३० फूट भरतात. संस्थानकाळातील सभागृहांना दारे-खिडक्यांची कमतरता नसते; त्या, कोपरे आणि ये-जा करण्याची वाट वगळल्यावर चित्र लावण्याजोगी भिंत ७० फूट उरली तरी पुष्कळ समजावे. चित्राची सरासरी रुंदी तीन फूट आणि दोन चित्रांमध्ये किमान दीड फूट अंतर धरले, तर या ७० फुटांत पंधरा-सोळा चित्रे मावतात. आपल्याकडे येणार आहेत चाळीस चित्रे आणि पंधरा शिल्पे. म्हणजे प्रत्येक चित्रकाराच्या वाट्याला दोन चित्रे येतात आणि शिल्पकारांनाही एक-दोन कलाकृतींवर समाधान मानावे लागते. हा हिशेब मिटवण्यासाठी सभागृहभर उभ्या पॅनेलचा चक्रव्यूह रचण्याचा मोह होईल, तो आवरावा. पॅनेलांनी कमानी आणि खांब झाकून टाकायचे असतील, तर त्यापेक्षा मंगल कार्यालय काय वाईट होते? तिथे निदान गाड्या लावायला जागा असते.

सहसा असे घडते की, प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या आवडीने पाच कलाकृती निवडतो, त्या टेम्पोतून आदल्या दिवशी येतात, आणि मग भिंतीशी त्यांची झटापट सुरू होते. माझा आग्रह असा की, अकराही जणांनी आधी त्या सभागृहात एकत्र जावे; सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर अशा तिन्ही वेळी तिथला उजेड पाहावा; कोणत्या भिंतीसमोर दहा-बारा फूट मागे सरकता येते आणि कोणत्या भिंतीसमोर येत नाही, हे मोजून ठेवावे; आणि मगच काय आणायचे ते ठरवावे. खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेतले चित्र लावले, तर पाहणाऱ्याला चित्राऐवजी खिडकी आणि स्वतःचा चेहरा दिसतो, त्यामुळे तिथे काच नसलेली तैलचित्रे किंवा ॲक्रिलिकची चित्रे जावीत. अरुंद बोळात मोठा कॅनव्हास नको. काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर गडद रंगांची चित्रे विरून जातात, तर कागदाचा पांढरा भाग मोकळा सोडलेले जलरंगातील चित्र उठून दिसते, हेही तिथे उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

लावण्याच्या पद्धतीविषयी. काही जुन्या दालनांत छताखाली फिरणारी लाकडी पट्टी किंवा लोखंडी आकडे मुळातच असतात. ते मजबूत असल्याची खात्री देखभाल करणाऱ्या कार्यालयाकडून करून घेऊन त्यांवरून बारीक पोलादी तारेने चित्रे सोडता येतात. तंगूस वापरू नये. तो ताणतो, आणि काचेच्या चित्राचे वजन आपल्याला वाटते त्याहून जास्त असते. तीन बाय चार फुटांच्या चित्राला तीन मिलिमीटर जाडीची काच बसवली, तर नुसती काचच आठ किलोच्या पुढे जाते. आकडे नसतील, तर आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडला कोरे मांजरपाट ताणून केलेली मोजकी पॅनेले भिंतीला न टेकवता, चार बोटे अंतर ठेवून, वाळूच्या पिशव्यांनी पाय दाबून उभी करावीत. छत उंच आहे म्हणून चित्रे उंच लावू नयेत. दरबारात राजेरजवाड्यांची तैलचित्रे उंचावर, किंचित पुढे झुकवून लावलेली दिसतात, कारण तिथे पाहणाऱ्याने मान वर करावी हीच अपेक्षा असे. आपल्या प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा आणि तो सगळ्या चित्रांचा एकाच ओळीत यावा.

उजेडाबाबत संग्रहालयांचा संकेत असा आहे की, जलरंग आणि कागदावरील चित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), तर तैलचित्रांवर साधारण २०० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये. आठ दिवसांच्या प्रदर्शनात कोणी लक्समापक घेऊन फिरावे, असे मी म्हणणार नाही. परंतु खिडकीतून येणारा उन्हाचा थेट पट्टा मात्र एका दिवसासाठीही जलरंगावर पडू देऊ नये. रंगीत काचांच्या खिडक्या असतील, तर आणखी एक पेच येतो. न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधील शिवचरित्राच्या प्रसंगांची रंगीत काचचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा काचेतून आलेला तांबडा-निळा प्रकाश त्या दालनाला शोभतो, पण त्याखाली टांगलेल्या चित्रातील राखाडी छटा पार बिघडवून टाकतो. अशा खिडकीवर आतून पातळ पांढरा पडदा सोडावा.

शिल्पकारांना एक सूचना. एक घनफूट काळ्या दगडाचे वजन सुमारे ८० किलो भरते. सभागृह वरच्या मजल्यावर असून जमीन लाकडी तुळयांवर असेल, तर दगडाची आणि धातूची कामे खालच्या व्हरांड्यात किंवा आवारात ठेवावीत, आणि वर फक्त फायबर, लाकूड किंवा भाजलेल्या मातीची कामे न्यावीत.

शेवटचा मुद्दा विजेचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले आणि १९१५ पासून कोल्हापूरच्या कलाजीवनाचे घर असलेले ते नाट्यगृह जळताना पाहिलेल्या गावाला, जुने लाकूड किती झपाट्याने पेट घेते हे निराळे सांगायला नको. जुन्या वायरिंगवर हॅलोजनचे दिवे चढवू नयेत. एलईडीचे दिवे आणावेत, भार किती येईल ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि रात्री मुख्य स्विच बंद करण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर सोपवावी. उद्घाटनाची समई दालनाबाहेर लावावी. भाषणेही बाहेरच झाली तर उत्तम, कारण दगडी सभागृहात आवाज इतका घुमतो की वक्ता काय बोलला हे पहिल्या रांगेलाही कळत नाही. अर्थात काही वक्त्यांच्या बाबतीत ही सोयच म्हणावी लागेल.

प्रश्न (शाहूपुरी) : जागा जूनअखेरीस मोकळी आहे आणि भाडेही त्या वेळी कमी पडते. प्रदर्शन तेव्हा भरवावे का?

उत्तर : भरवू नये. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात जुन्या दगडी भिंतींमध्ये ओल असते, विशेषतः जिथे दुरुस्तीच्या नावाखाली चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा चढवला आहे तिथे ती आतच कोंडून राहते. कागदावर बुरशीचे ठिपके पडायला दमट हवेतले काही दिवस पुरतात, आणि कॅनव्हास सैल पडतो तो वेगळाच. नदीकाठच्या भागातील जागा असेल, तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवावेत. भाड्यात वाचलेले पैसे चित्रे वाळवण्यात जातील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

प्रश्न (इचलकरंजीतील एक शिल्पकार) : आमच्या गटात निवडीवरून दर वेळी वाद होतो. ज्येष्ठ सभासदांना मोक्याची भिंत हवी असते आणि नवोदितांची कामे जिन्याखाली जातात. कलाकृती कमी करू म्हटले, तर प्रत्येकाने वर्गणी सारखीच भरलेली असते. यावर उपाय काय?

उत्तर : वर्गणी सारखी म्हणून भिंतही सारखी, हा हिशेब सोसायटीच्या पार्किंगला ठीक आहे, प्रदर्शनाला नाही. गटातील कोणीही निवड करू नये, हे माझे या बाबतीतले ठाम मत आहे. जो स्वतः चित्र लावणार आहे, त्याने कितीही प्रामाणिकपणे निवड केली तरी उरलेल्या सभासदांचा तिच्यावर विश्वास बसत नाही, आणि बसू नये हे स्वाभाविक आहे. प्रदर्शनात ज्यांचे काम नाही अशा दोन जाणत्या व्यक्तींना बोलवावे. त्यांतील एक कलाशिक्षक किंवा चित्रकार असावा, तर दुसरा वास्तुरचना जाणणारा. प्रत्येक सभासदाने त्यांच्यापुढे सहा-सात कामे ठेवावीत, त्यांतून कोणती घ्यायची आणि कुठे लावायची हे दोघांनी ठरवावे, आणि त्यांचा निर्णय अखेरचा राहील हे वर्गणी गोळा करण्यापूर्वी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नंतर घेतलेल्या सह्यांना अर्थ उरत नाही.

ज्येष्ठांच्या मानाचा प्रश्न खरा आहे आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. तो भिंतीवर न सोडवता अन्यत्र सोडवावा. उद्घाटन त्यांच्या हस्ते करावे, एका संध्याकाळी त्यांच्याकडून प्रात्यक्षिक करून घ्यावे. कोल्हापुरात व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकाला जी गर्दी होते, ती मोक्याच्या भिंतीपुढे क्वचितच होते. तिथे समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दीड-दोन तासांत कागदावर उतरताना पाहून तरुण मंडळी जे शिकतात, त्यानंतर ज्येष्ठांचे एकच चित्र लागले तरी त्यांचा मान कमी होत नाही.

प्रश्न (राजारामपुरी, एक निवृत्त शिक्षिका) : टाउन हॉल संग्रहालयात अबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची चित्रे पाहिली आहेत. आताच्या समूहप्रदर्शनांमध्येही रंकाळा, घाट, देवळे आणि पागोट्यातील म्हातारे हेच विषय दिसतात. यालाच कोल्हापूरची परंपरा म्हणायचे का? आणि अशा प्रदर्शनात नव्या वळणाच्या चित्रांना जागा आहे का?

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. त्यातल्या पहिल्याला थोडे मागे जाऊन उत्तर द्यावे लागेल.

अबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी चित्रकार झाले. दरबारी चित्रकाराने राजघराण्याची व्यक्तिचित्रे रंगवावीत ही रीत होती. अबालाल यांनी ती रंगवलीच, पण त्यांचा जीव रमला तो कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ या ठिकाणी, पहाटेच्या आणि सांजेच्या बदलत्या उजेडात. शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले तेव्हा त्या दुःखात अबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यानंतर १९३१ मध्ये ते गेले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, गावाने ती जपली यावरून चित्रकाराचे आणि आश्रयदात्याचे नाते इथे कसे पाहिले जात होते ते कळते.

दुसरी धारा मेस्त्री बंधूंची. आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ; सुतारकाम, मूर्तिकाम आणि रंगकाम घरातलेच. संगीत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांमुळे त्यांचे नाव झाले आणि 'पेंटर' हे जणू आडनावच बनले. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवण्याचा दोघांचा ध्यास बाबूरावांनी पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. पुढे प्रभात फिल्म कंपनी काढणारे दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे तिथेच घडले. म्हणजे कोल्हापूरचा चित्रकार केवळ चौकटीतले चित्र काढणारा कधीच नव्हता. तो तीस फुटी पडदा रंगवी, पुतळा घडवी, सिनेमाचे नेपथ्य आणि पोस्टर करी, आणि उरलेल्या वेळात पाठीवर इझल टाकून पन्हाळ्याच्या वाटेला लागे. याच मातीत भाई माधवराव बागल हे चित्रकार असूनही सत्यशोधक चळवळीत आणि प्रजा परिषदेत पुढे राहिले. चंद्रकांत मांडरे पडद्यावर नायक म्हणून गाजत असताना निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंग, म्हणजे भुकटीने छटा देऊन केलेली चित्रे, करत राहिले आणि पुढे राजारामपुरीतले आपले घर चित्रांसह शासनाला देऊन मोकळे झाले. आपण राजारामपुरीतच राहता, तेव्हा त्यांचे कलासंग्रहालय आपल्याला परिचित असेलच. नसेल तर एखादी सकाळ त्यासाठी जरूर काढावी.

तेव्हा या परंपरेचा गाभा रंकाळ्यात किंवा पागोट्यात नाही. हाताची तयारी, प्रत्यक्ष पाहून रंगवण्याची शिस्त आणि कोणत्याही माध्यमात, कोणत्याही आकारात उतरण्याची हिंमत ही त्या परंपरेची लक्षणे आहेत. आज दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट किंवा कलानिकेतन महाविद्यालय यांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रेखांकनात पहिली दोन लक्षणे अजून ठळकपणे दिसतात. तिसरे मात्र कमी झाले आहे आणि आपली तक्रार माझ्या मते तिथेच लागू पडते. अबालाल यांनी घाट रंगवला तेव्हा त्या उजेडाचे काय करायचे हे त्यांना शोधावे लागले. आज घाट रंगवणाऱ्याला ते उत्तर आयते मिळालेले असते, आणि घाटावरचे प्लास्टिक, फेसाळलेले पाणी, पुराच्या खुणा यांकडे पाठ फिरवून तो शंभर वर्षांपूर्वीचाच घाट रंगवतो. विषय जुना असण्यात दोष नाही. पाहणे जुने असते, हा दोष आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाउन हॉलच्या इमारतीकडेच पाहून देता येईल. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही इमारत मेजर चार्ल्स मांट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार निओ-गॉथिक शैलीत उभी राहिली. त्या काळच्या कोल्हापूरकरांना, वाडे आणि देवळे पाहिलेल्या डोळ्यांना, त्या टोकदार कमानी किती परक्या वाटल्या असतील! १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर झालेल्या उत्खननातील वस्तू जतन करण्यासाठी संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते या इमारतीत आले. त्यामुळे आज त्या गॉथिक छताखाली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्रह्मपुरीला सापडलेली कांस्यमूर्ती आहे आणि अबालाल यांची चित्रेही आहेत. एवढे सगळे ज्या छताखाली नांदते, तिथे एखाद्या तरुणाच्या अमूर्त चित्राने किंवा भंगारातून जोडलेल्या शिल्पाने काय बिघडणार? जुन्या वास्तूत जुन्या विषयांचीच चित्रे लावावीत हा आग्रह मला तरी पटत नाही. उलट काळ्या दगडासमोर सपाट, झगझगीत रंगांचे चित्र जेवढे बोलते, तेवढे त्याच दगडी कमानीचे हुबेहूब चित्र कमानीशेजारी लावल्यावर बोलत नाही.

प्रश्न (कागल) : अशाच एका समूहप्रदर्शनात मी एक निसर्गचित्र विकत घेतले. आमच्या पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर ते छापावे अशी संचालकांची इच्छा आहे. चित्र माझ्या मालकीचे असल्याने चित्रकाराची परवानगी लागू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. चित्र विकत घेतल्याने तो कागद किंवा कॅनव्हास आपल्या मालकीचा झाला. त्याच्या प्रती छापण्याचा हक्क, म्हणजे प्रताधिकार, १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराकडेच राहतो. तो हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. तोंडी 'घ्या की छापून' याला कायद्यात किंमत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरला जातो. आपल्याला हक्कच विकत घ्यायची गरज नाही. एका वर्षाच्या दिनदर्शिकेपुरती, किती प्रती छापणार ते नमूद करून, लेखी परवानगी घ्यावी आणि त्याचे मानधन द्यावे. चित्राखाली चित्रकाराचे नाव छापावे. प्रताधिकार दुसऱ्याला दिला तरी आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिची आपल्या लौकिकाला बाधेल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा चित्रकाराचा हक्क शिल्लक राहतो. त्यामुळे दिनदर्शिकेच्या मापात बसवण्यासाठी आकाशाचा अर्धा भाग कापायचा विचार असेल, तर तो आधी दाखवून घ्यावा.

याला एक अपवाद आहे. संस्थेने मोबदला ठरवून, सांगून एखादे चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्याचा प्रताधिकार मुळातच सांगणाऱ्याकडे जातो. संस्थापकांची व्यक्तिचित्रे बहुधा अशीच काढून घेतलेली असतात. चित्रकारांनी हे लक्षात ठेवून अशा कामाच्या वेळी दोन ओळींचा करार करून घेतलेला बरा. आणखी एक : चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून अबालाल रहिमान यांच्या चित्रावर आज कोणाचाही प्रताधिकार नाही, पण मूळ चित्र ज्या संग्रहालयात आहे, तिथे त्याचे छायाचित्र घ्यायला संग्रहालयाची परवानगी लागेलच.

प्रश्न (कसबा बावडा) : गेल्या वर्षी आमच्या प्रदर्शनाला गर्दी चांगली झाली, पण लोक इमारतीचे आणि स्वतःचे फोटो काढून निघून गेले. चित्रांसमोर कोणी थांबेना. ऐतिहासिक वास्तू घेणे ही चूक झाली का?

उत्तर : चूक नाही, पण अपेक्षा वेगळी ठेवायला हवी होती. औंधला १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय मुळात चित्रे आणि शिल्पे ठेवण्यासाठीच बांधले गेले; तिथे इमारत मागे राहते आणि चित्र पुढे येते. राजवाडा, कचेरी किंवा वाडा या हेतूने बांधलेली वास्तू मागे राहणार नाही. ती पाहायलाच पुष्कळ लोक येणार, आणि त्यांत आयुष्यात कधीही कलादालनाची पायरी न चढलेले लोक असणार. अशा लोकांना आपल्या चित्रांपर्यंत आणण्याची ही संधी आहे.

त्यांची उत्सुकता आधी भागवावी. प्रवेशाशीच वास्तूविषयी एक मोठा, वाचनीय फलक लावावा : कोणी बांधली, कधी, कशासाठी, दगड कुठला, छत कसे पेलले आहे. तिथेच फोटो काढण्यासाठी एखादी मोकळी कमान राखून ठेवावी, म्हणजे आतल्या चित्रांसमोरची पाठमोरी गर्दी कमी होईल. आत प्रत्येक चित्राशेजारी नुसते 'विनाशीर्षक, कॅनव्हासवर ॲक्रिलिक' असे न लिहिता दोन साध्या वाक्यांची मराठी माहितीपट्टी असावी. चित्रकाराने हे कुठे बसून, कशाने, किती दिवसांत केले एवढे सांगितले तरी माणूस पुन्हा वळून चित्राकडे पाहतो. भावार्थ समजावून सांगण्याच्या फंदात पडू नये. माहितीपट्टीचा टाईप म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा ठेवावा.

आणि गटातील एक तरी कलावंत सतत दालनात हजर असावा, खुर्चीत मोबाईल पाहत नव्हे, तर काम करत. शाळांच्या सहली सकाळच्या वेळी बोलवाव्यात. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेली मुले आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. वस्तुचित्रात घागरीची छाया कुठे पडते यावर ज्यांनी शिक्षकांशी वाद घातला आहे, त्यांना चित्रासमोर थांबायला सांगावे लागत नाही. त्यांच्यासाठी एका टेबलावर कागद, पेन्सिली आणि खोडरबर ठेवावेत, आणि दालनातली कमान असो वा चित्र, जे आवडेल त्याचे रेखाटन करू द्यावे. जलरंग मात्र देऊ नयेत. फरशी वास्तूची आहे, आणि अनामत रक्कम आपली.